छुथाङची बंदी

पहाटे पावणेपाचला उर्केनला जाग आली. समोरच्या फळ्यावर साताचा पाढा होता, आणि तो सात सक्कापाशीच थांबलेला होता. गेल्या भाद्रपदापासून उर्केन आणि त्याची बायको छोकी या वर्गखोलीत राहत होती. फळा पुसावा असे उर्केनला अनेकदा वाटले, पण छोकीने हात लावू दिला नाही. शाळा आपली नाही तर फळाही आपला नाही, असे तिचे म्हणणे होते.

छोकी आधीच उठली होती. मुलांच्या एका बाकावर तिने देव मांडले होते. ती पितळी तांब्याने सात वाट्यांत पाणी ओतत होती, काठापासून जवाएवढे अंतर राखून, थेंब न सांडता. उर्केनने चुलीतली राख बाजूला केली, दोन शेण्या मोडून घातल्या आणि धूर डोळ्यांत जाईपर्यंत फुंकले. चहात मीठ पडले, लोणी पडले. कालचे दोन उकडलेले बटाटे त्याने तिखटमिठाशी खाल्ले. बटाटे मेव्हण्याच्या शेतातले होते आणि प्रत्येक घासाला त्याला ते आठवत होते. मग त्याने उजव्या पायात आधी प्लास्टिकची पिशवी चढवली, कारण त्या पायाचा बूट टाचेशी फाटला होता. कोपऱ्यातली राखणदाराची काठी त्याने उचलली आणि तो बाहेर पडला.

हिमालयातल्या योलुङ गावात पावसाळ्याच्या तोंडावर दुम्जेचा सण झाला की शेतांना बंदी लागते; राखणदार पट्ट्यांच्या वाटांवर धुपीच्या झुडपाच्या डहाळ्या बांधलेले खांब रोवतात. गुरे गावाच्या सीमेबाहेर, वरच्या कुरणांत जातात; घरी ठेवलेले एखादे जनावर बांधूनच ठेवायचे. बंद पट्ट्यात कोणी चूल पेटवायची नाही, ओले लाकूड तोडून आणायचे नाही, मुक्काम करायचा नाही. धूर झाला की बटाट्यावर करपा येतो, असे सगळे मानतात. राखणदार बंदी उठवतील त्या दिवशीच कुदळ लावायची. बंदी मोडली तर दंड म्हणून राखणदारांना छाङ, म्हणजे घरी गाळलेली धान्याची दारू, द्यायची. हे राखणदार दरसाल दोन घरांतून यादीप्रमाणे नेमले जातात. यंदा एक पाळी होती आङ दोमा या विधवेच्या घराची आणि दुसरी उर्केनची. उर्केनचे शेत अकरा महिन्यांपूर्वी पुरात वाहून गेले होते, पण यादीत ते अजून होते.

मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीपाशी दोमा उभी होती. डोक्यावरून तिने खताची रिकामी गोणी पांघरली होती. धुक्यातून पाऊस असा पडत होता की तो पडतो आहे हे फक्त कपड्यांना कळावे.

"आज्यो, मठाच्या शेतात कोण आलंय ओळख," ती म्हणाली. योलुङमध्ये थोरल्या माणसाला आज्यो, म्हणजे दादा, म्हणत.

ओळखायची गरज नव्हती. तो गावप्रमुख गेलूचा जोप्क्यो होता. बाप याक आणि आई गाय असल्याने दोघांचाही हट्ट त्याच्यात उतरला होता. फुलावर आलेल्या बटाट्यांत तो पोटापर्यंत उभा होता आणि शांतपणे चघळत होता. दोघांनी त्याला हाकलत कुंपणाबाहेर काढले. वरच्या घराची खिडकी उघडली आणि गेलूची बायको डोकावली.

"दोरी तुटली असेल हो!"

"दोरी बांधली असेल तर तुटेल ना, वहिनी," दोमा ओरडली. "तिसऱ्यांदा आहे हे. दंडाचं छाङ तयार ठेवा, आणि पाणी घालू नका त्यात. मागच्या वेळचं मासे पोसायच्या लायकीचं होतं."

खिडकी लागली. उर्केनने चपटी झालेली रोपे हाताने सरळ केली. ती उभी राहणार नव्हती हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्याच्या बटाट्यांची मुळे अशी चिखलात बोटे घालून दाबताना त्याला जे वाटत होते त्याला राग म्हणता आले नसते. रागाला निदान समोर माणूस लागतो.

फाल्गुनातल्या सभेत त्याने सांगून पाहिले होते. शेत नाही, घर नाही, मग राखणदारी कसली? यंदा आमची पाळी वगळा. यावर गेलू जपमाळ थांबवून म्हणाला होता, "पाळी शेताची असते, उर्केन. पिकाची नाही. आज तुझं वगळलं तर उद्या वाहून गेलेली अकराही घरं उठतील. मग राखायचं कोणी?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, त्या अकरा घरांतल्या कित्येकांनीसुद्धा.

सात वाजता दोमा जनावरांकडे गेली आणि उर्केन मणी-भिंतीच्या वरच्या खडकावर चढला. योलुङमध्ये मोबाईल तिथेच नीट लागे. जिल्ह्याच्या ठिकाणी, पुराच्या इशाऱ्याचे काम पाहणारा एक तरुण अभियंता होता. त्याचा आवाज नेहमीच आनंदी असे, आणि तो सगळ्यांना दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे.

"नमस्कार दाजू! भोंग्याचं विचारताय ना?"

"खांब रोवून आठ महिने झाले. त्यावर डोमकावळे बसतात. भोंगा कधी बसणार?"

"भोंगा आलाय दाजू, इथे माझ्यासमोर खोक्यात आहे. बॅटरी यायचीय."

"दिवाळीत बॅटरी आली होती आणि भोंगा यायचा होता."

"हो, पण ती बॅटरी आता वापरता येणार नाही ना. उतरली." तो जरा थांबला. "काळजी करू नका. तोवर सगळ्यांच्या मोबाईलवर संदेश येईल."

"छुथाङवर मोबाईल लागत नाही. हे मी तुला चौथ्यांदा सांगतोय."

"मग थोडं वर चढून बघायचं."

उर्केनने डोळे मिटले. "म्हणजे पूर येतोय हे कळायला आधी पुराच्या वाटेतून वर चढून यायचं?"

"ही सूचना चांगली आहे दाजू. लिहून घेतो."

"वरच्या तळ्याचं काय? पाणी किती चढलंय?"

"उपग्रहाचा फोटो येतो ना आपल्याकडे. पण गेले बारा दिवस ढग आहेत. ढग हटले की लगेच कळेल."

"ढग आश्विनात हटतात," उर्केन म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

खडकावरून खाली छुथाङ दिसत होते. नदीकाठचा तो सपाट पट्टा एकेकाळी गावातली सर्वांत चांगली जमीन होती, आणि उर्केनसकट अकरा घरे तिथेच राहत. तिथे माती रेताड आणि ऊबदार होती, आणि बटाटे वरच्या शेतांपेक्षा आठवडाभर आधी तयार होत. आता तिथे करडे दगड होते, काही कोंबडीएवढे, काही खोलीएवढे. त्यांच्यामधून नदीने स्वतःला तीन नव्या वाटा पाडून घेतल्या होत्या.

गेल्या वर्षी हिमनदीखालच्या दोन तळ्यांपैकी धाकटे फुटले होते, दुपारी एकच्या सुमारास. त्या दिवशी वर मठात पूजा होती आणि सगळे गाव तिथे होते. म्हणून माणूस एकही गेला नाही. पूजेने वाचवले असे गाव म्हणे. उर्केनला वाटे, दुपारी एक या वेळेने वाचवले. हेच पाणी झोपेच्या वेळी आले असते तर नदीला त्याच्या घरापर्यंत पोहोचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. आणि थोरले तळे अजून वर होतेच, बर्फ आणि दगडांच्या बांधाआड, ढगांच्या पलीकडे.

आता त्या दगडांत चार चुलींचा धूर दिसत होता: एक नव्या बांधकामावरची, तीन आपल्या जुन्या जागांवर तंबू ठोकून परतलेल्या घरांच्या. चौदा माणसे तिथे झोपत होती आणि त्यांतली एक उर्केनची मुलगी यांगजी होती.

छोकीने भरून दिलेला दह्याचा डबा घेऊन तो खाली उतरला. पुलाजवळ निळ्या प्लास्टिकचा तंबू होता आणि त्याच्यापुढे जावई छेतेनची दगडी भिंत कंबरेएवढी वर आली होती. खालच्या डोंगरातून आलेले तीन गवंडी दगड फोडत होते. छेतेनने पंधरा वर्षे गिर्यारोहकांच्या तुकड्यांसाठी स्वयंपाक केला होता, आणि आता त्याला स्वतःचे आठ खोल्यांचे विश्रामगृह हवे होते. त्याच्या हातात लांबी मोजायची दोरी होती आणि चेहऱ्यावर आनंद. हा आनंद नेमका कुठे दाबला की थांबेल ते उर्केनला कधी सापडले नव्हते.

"या आपा, या! बघा, हे जेवणघर. खिडकीतून सरळ शिखर दिसणार."

"आणि तळं?"

"तळं दिसत नाही इथून."

"तेच म्हणतोय मी."

छेतेन हसला. "तुम्ही उगाच घाबरता. पुराने जमीन फुकटात सपाट करून दिली. दगड दारात आणून टाकले. असा मुकादम सांगून मिळेल का? पायवाट इथूनच जाते, पाणी इथे आहे. वर गावात बांधलं तर पाहुणे माझ्या भिंतीला नमस्कार करून पुढच्या गावी जातील."

"दिवसा बांध. संध्याकाळी वर येऊन झोप. एवढंच मागतोय."

"आणि लाकूड, पत्रे, सिमेंट? ते कोण राखणार? गेल्या आठवड्यात वरच्या बांधकामावरचे चार पत्रे गेले."

"पत्रे मी राखतो."

"तुम्ही बटाटे राखा, आपा," छेतेन म्हणाला. आवाजात उपरोध नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "लामांनी तळ्यावर जाऊन पूजा केली की नाही? गेल्या वर्षी कुणीतरी काठावर मांस भाजलं म्हणून नागदेवता कोपली. आता शांत केलीय. विषय संपला."

यांगजी तंबूतून बाहेर आली. तिने डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि बोट बुडवून चाटले. लहानपणापासून ती असेच करी. "आमाला सांगा, मीठ-मिरची पण पाठव. इथल्या भाज्यांना चवच नाही."

"तू तरी वर ये झोपायला."

"आणि सकाळी यांचा चहा कोण करणार? साडेपाचला कामाला लागतात हे." तिने गवंड्यांकडे मान वळवली. मग हळू आवाजात म्हणाली, "आपा, मलाही झोप लागत नाही इथे. पाण्याचा आवाज बदलला की मी उठून बसते. पण यांना एकट्याला टाकून कशी येऊ? हे हटणार नाहीत. तुम्हीच जागा दिलीत ना?"

जागा उर्केननेच दिली होती. फाल्गुनातल्या त्या सभेनंतर, डोके फिरलेले असताना, छेतेनने विचारले आणि तो म्हणाला, घे, दगडच आहेत, कर काय करायचं ते. त्यावर दोघांनी एकाच वाडग्यातून छाङ प्यायले होते. छाङ पिऊन दिलेली जागा परत मागणारा माणूस योलुङमध्ये अजून जन्मला नव्हता. उर्केनला तो पहिला मान नको होता. शिवाय मागून उपयोगही नव्हता. छेतेनला उठवले तरी उरलेल्या तीन चुलींना तो कोणत्या तोंडाने उठवणार होता? त्या माणसांच्या जागा त्यांच्याच होत्या.

दुपारी तो गेलूकडे गेला. गेलू काचेच्या ओसरीत उन्हाची वाट पाहत बसला होता. त्याच्या बायकोने सकाळच्या दंडाचे छाङ आणून ठेवले आणि पाहुण्याकडे न बघता ती आत गेली. उर्केनने एक घोट घेतला. पाणी होतेच.

"आज्यो, छुथाङवर चौदा माणसं झोपतात. सभा बोलवा. पावसाळाभर तिथे मुक्काम नको, एवढाच ठराव करा."

"करू की. पीक निघू दे."

"पीक निघेपर्यंत पावसाळा संपतो."

"मग तर धोकाही संपला," गेलू म्हणाला, आणि आपण किती सोपा मार्ग काढला याचे त्यालाच बरे वाटले. "हे बघ उर्केन. तू सोसलंस, मला कळतं. पण आता सभा घेतली तर लोक काय म्हणतील? सरकार म्हणतं भोंगा बसवतो. लामा म्हणतात नाग शांत झाला. आणि सभा म्हणते पळा. तिघांची तीन तोंडं. लोक कुणाचं ऐकणार?"

"जो खरं बोलेल त्याचं."

"ते तर पूर आल्यावरच कळतं ना!"

उर्केनने वाडगा खाली ठेवला. त्याला ओरडावेसे वाटले. एकसष्ट वर्षांत तो मोठ्याने ओरडला नव्हता असे नाही, पण ते बहुधा याकांवर. याक निदान हलत असत.

"म्हणजे सभा नाही."

"आत्ता नाही. तू राखणदार आहेस, तुझं काम कर. बंदी नीट पाळली जाऊ दे. बाकी आम्ही बघतो."

उर्केन उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"माझं छुथाङचं शेत यादीतून काढलंय का हो?"

गेलूने कपाळाला हात लावला. "पुन्हा तेच? अरे, किती वेळा सांगायचं? यादी आपल्या पणजोबांच्या काळची आहे. पुराने शेत नेलं म्हणून यादीतून जात नाही. तुझंही आहे आणि बाकी दहा घरांचंही आहे. छुथाङ हा गावाचा शेतीचा पट्टा आहे, होता आणि राहील. आता पाळी चुकवायचा नाद सोड."

"नाही चुकवत," उर्केन म्हणाला. "फक्त नक्की करून घेतलं."

बाहेर येऊन तो मणी-भिंतीला उजवीकडे ठेवून चालू लागला. अर्ध्या वाटेवर त्याची चाल मंदावली. मग तो जागच्या जागीच उभा राहिला. पाठीवर गवताचा भारा घेतलेली एक बाई त्याला वळसा घालून पुढे गेली आणि पुढे जाऊन तिने मागे वळून पाहिले.

दोमा जनावरांच्या गोठ्यात होती. उर्केन दाराच्या चौकटीत टेकला.

"दोमा, यंदा बंदीचे खांब आपण कुठे कुठे रोवले?"

"विसरायला लागलास की काय? वरच्या पट्ट्याला दोन, मठाच्या पट्ट्याला दोन, झऱ्याच्या पट्ट्याला दोन."

"छुथाङला?"

"छुथाङला कशाला? तिथे..." ती थांबली. हातातली दुधाची चरवी तिने सावकाश खाली ठेवली. "तिथे दगड आहेत, आज्यो."

"गेलू म्हणतो शेत आहे. माझी पाळी त्या शेतावर लागलीय. यादीत छुथाङ शेतीचा पट्टा आहे. शेतीच्या पट्ट्याला बंदी लागते. आपण लावायची विसरलो. चूक आपली."

दोमा हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मग तिचे हसू विरले आणि ती बराच वेळ गाईच्या कण्यावरून हात फिरवत राहिली.

"लोक म्हणतील, राखणदार वेडे झाले, गोटे राखतात."

"म्हणू देत."

"ते नाही रे. मी वेगळंच म्हणतेय. लोक राखणदाराला मानतात कारण तो बटाट्यासाठी बोलतो. स्वतःसाठी नाही. आज तू मुलीसाठी खांब रोवलास, तर पुढच्या साली कुणी भावकीच्या भांडणासाठी रोवेल. मग ही काठी नुसती काठी राहील. माझ्या सासऱ्याने ही राखण केली, नवऱ्याने केली."

उर्केनने मान खाली घातली. तिचे खोटे नव्हते, आणि त्यालाही हेच टोचत होते. तो बंदी मानणारा माणूस होता. धुराने करपा येतो की नाही हे त्याला नक्की ठाऊक नव्हते, पण गावाने एकत्र येऊन पाळावे असे आता थोडेच उरले होते, आणि त्यातले एक त्याच्या हातात आले होते.

"यांगजी वर झोपायला आली असती तर मी हे केलं असतं का, ते मी स्वतःला विचारलं," तो म्हणाला. "उत्तर लगेच नाही आलं. पण तिथे ते तीन गवंडी आहेत. त्यांना तर नदीचं नावही माहीत नाही. आणि खोटं मी बोलणार नाही. कुणी विचारलं तर काहीच सांगणार नाही. राखणदार कारण देत नाही, कधीच दिलं नाही. दिलं की वाद होतो."

"छेतेन ऐकेल?"

"त्याच्या आजोबाने बंद पट्ट्यात चहा केला होता. त्या साली करपा आला. त्याच्या घराला अजून 'धूरवाले' म्हणतात. तो सगळं सहन करेल, पण पुन्हा ते नाही."

दोमाने गाईच्या पाठीवर थाप मारली. "दोन्ही राखणदारांचं एकमत लागतं."

"म्हणून तर आलोय."

"तू पाळी वगळा म्हणालास तेव्हा मीही सभेत मान डोलावली होती. पाळी कुणालाच चुकत नाही म्हणून." तिने चरवी उचलली. "खांब माझ्या परसात आहेत. दोन सरळ बघून घे. धुपीच्या डहाळ्या मी कापून ठेवते, वाळलेल्या. ओलं लाकूड आपणच आणलं तर पहिला दंड आपल्यालाच."

दुसऱ्या दिवशी पहाटे उर्केनने बटाटे खाल्ले नाहीत. छोकीने चहा ओतला आणि त्याच्याकडे पाहिले. तो निघाला तेव्हा ती वर्गातले बाक भिंतीशी सरकवत होती, आणि चुलीवर तिने सणासुदीची मोठी किटली चढवली होती.

मणी-भिंतीपाशी दोघे भेटली. उर्केन खडकावर चढला, तळहात तोंडाशी धरले आणि राखणदारांनी नेहमी जसे ओरडायचे तसे, लांबवत, दर शब्दानंतर डोंगराला उत्तर द्यायला वेळ देत, ओरडला:

"छुथाङचा पट्टा! आजपासून बंद! चूल नाही! धूर नाही! मुक्काम नाही!"

एकेक खिडकी उघडली. गेलूचीही उघडली. कोणी तरी हसले. कोणी तरी ओरडून विचारले, "तिथे काय पेरलंत हो, गोटे?" दोमाने वर पाहिलेसुद्धा नाही. गेलू खिडकीत माळ धरून उभा होता. त्याचे तोंड उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. काल दुपारचे आपले बोलणे तो शब्दाशब्दाने आठवून पाहत असावा. मग तो खिडकीतून मागे सरला. राखणदाराची हाक झाली की प्रमुखानेही मध्ये बोलायचे नसते.

दोघे खाली उतरली. पायवाट जिथे दगडांत शिरते तिथे पहिला खांब लागला. माती नव्हती, म्हणून उर्केनने दगड रचून त्याला आधार दिला आणि तो हलवून पाहिला. दुसरा पुलापाशी. दोमाने दोन्हींना धुपीच्या डहाळ्या बांधल्या आणि गाठी दोनदा ओढून पाहिल्या. तोवर पलीकडच्या एका तंबूतली माणसे बाहेर येऊन उभी होती. त्यांतली म्हातारी खांबाकडे पाहत काही तरी पुटपुटली आणि मग तिने स्वतःच्या चुलीवर ओंजळभर रेती टाकली. बाकीच्या दोन चुलींवरही कुरबुर करत, शिव्या देत रेती पडली. कोणी कारण विचारले नाही. विचारायची रीत नव्हती.

छेतेन तंबूसमोर उभा होता. त्याचे केस विस्कटलेले होते आणि अंगातला अंगरखा उलटा होता.

"आपा, कुठे आहेत बटाटे? दाखवा मला. एक रोप दाखवा."

उर्केन चुलीकडे वळला. यांगजी चुलीपुढे उकिडवी बसली होती आणि किटलीतून वाफ निघायला लागली होती. तो तिच्याशेजारी बसला आणि चुलीतले जळते लाकूड एकेक करून बाहेर ओढून रेतीत विझवू लागला.

"चहा तरी होऊ दे," ती म्हणाली.

"वर आमाने ठेवलाय."

तिने बापाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. मग पदराने किटलीची कडी धरली आणि न उकळलेले पाणी तिने शेवटच्या निखाऱ्यांवर ओतले. ते फसफसले. छेतेन चार पावले पुढे आला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या आणि तो उर्केनपासून हातभर अंतरावर थांबला.

"हे तुम्ही जाणूनबुजून करताय."

उर्केनने मान वर केली. नाही म्हणावे असे त्याच्या मनात आले नाही.

"दिवसा येऊन भिंत बांध," तो म्हणाला. "बंदीत दगडावर दगड ठेवायला मनाई नाही. पत्र्यांवर दगड ठेव, मी आणि दोमा रोज दोनदा फेरी मारतो. पाचच्या आत सगळे खांबाच्या वर."

"आणि बंदी कधी उठणार?"

"बटाटे तयार झाले की."

गवंड्यांतला थोरला हे सगळे पाहत होता. भाषा त्याला अर्धीमुर्धी समजत होती. पण त्याने छिन्नी पिशवीत घातली, स्वतःची घोंगडी गुंडाळली आणि दुसऱ्या दोघांना मानेने खूण केली. ते निमूटपणे उठले. किती तरी दिवस कोणी तरी सांगायची वाट पाहत असल्यासारखे.

छेतेनने मुठी सोडल्या. मग तो तंबूत शिरला आणि आतून भांड्यांचा खणखणाट ऐकू येऊ लागला. प्रत्येक भांडे तो मुद्दाम आपटत होता.

उर्केनने मुलीचे अंथरूण दोरीने बांधले, ओझ्याचा पट्टा कपाळावर चढवला आणि गुडघ्यावर हात रोवून उठला. चढ वीस मिनिटांचा होता. तो दोनदा थांबला. शाळेच्या पडवीत ओझे उतरवून त्याने दोरी गोळा केली, छोकीने पुढे केलेला कप उभ्या उभ्या संपवला आणि दुसऱ्या खेपेसाठी तो पुन्हा खाली निघाला.